‘ठेवू का?’ असं विचारायचं नाही

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या माणसाने घरी फोन करून ‘आज सर्जरीत जाऊन आले’ असं सांगितलं, की तिकडे सांगलीत सगळे हवालदिल होतात. इथे ‘सर्जरी’ म्हणजे साधा दवाखाना आणि ‘जीपी’ म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, हे समजावून सांगेपर्यंत आईने गणपतीला नारळ बोललेला असतो. इथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, नीट समजायला आम्हालाही काही वर्षं लागली. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या या सेवेत डॉक्टरांना भेटायचे किंवा हॉस्पिटलात राहायचे वेगळे पैसे पडत नाहीत. व्हिसावर येणाऱ्यांकडून आरोग्याचा सरचार्ज आधीच घेतात, तो भाग वेगळा. पैशांऐवजी इथे लागते चिकाटी, आणि फोनजवळ बसून राहायची तयारी.

सकाळी आठला सर्जरीचा फोन सुरू होतो. आठला एक मिनिट कमी असताना लावला तर ‘आम्ही अजून उघडलेलो नाही’, आणि आठ वाजून एक मिनिटाने लावला तर ‘तुम्ही रांगेत सतराव्या क्रमांकावर आहात’. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांना ऑनलाइन विनंतीची सोय कामाच्या पूर्ण वेळात खुली ठेवावी लागते, त्यामुळे आठची झुंबड थोडी कमी झाली आहे. पण फोन लागला, की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. ‘जन्मतारीख? पत्त्याची पहिली ओळ?’ रक्त द्यायला जा, फार्मसीत औषधं आणायला जा, डोळे तपासायला जा, हे दोन प्रश्न आधी. इतक्या वर्षांत हे दोन प्रश्न कुणीही विचारले तरी तोंडातून उत्तरं आपोआप बाहेर पडतात, शाळेतल्या पाढ्यांसारखी. आज मला जे सांगायचंय त्याची सुरुवात या सवयीपासूनच होते.

आमच्या घरात ही सगळी कामं माझ्याकडे. ‘अहों’ना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. वय अठ्ठावन्न. ऑफिसात ते शंभर माणसांचं वेळापत्रक सांभाळतात, पण स्वतःच्या गोळ्या कधी संपणार हे त्यांना माहीत नसतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये माझी एक निळी फाइल असते. त्यात त्यांचा दहा आकडी एनएचएस नंबर, डोळ्यांच्या आणि पायांच्या तपासणीची पत्रं, रक्ताचे जुने रिपोर्ट आणि औषधांच्या सुटीचं कार्ड.

औषधांच्या सुटीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच बेतलेली आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे मे २०२४ पासून ९ पौंड ९० पेन्स द्यावे लागतात, मग ते औषध स्वस्त असो की महाग. वेल्समध्ये २००७ पासून, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये २०१० पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून हे पैसे घेत नाहीत. इंग्लंडमध्येही साठ पूर्ण झाली की औषधं मोफत. त्याआधी काही ठरावीक आजारांना सूट आहे. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, थायरॉइड कमी असल्यामुळे रोजची गोळी असेल, फिट्स येत असतील, कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर जीपीमार्फत अर्ज करून सुटीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर मधुमेहाचंच नव्हे, तर सगळीच औषधं मोफत मिळतात. आमच्याकडे महिन्याला चार औषधं येतात, म्हणजे सूट नसती तर महिन्याला ३९ पौंड ६० पेन्स गेले असते. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, मग नव्याने घ्यावं लागतं.

आपल्या अनेक मंडळींना ही सूट माहीतच नसते. थायरॉइडच्या गोळीसाठी वर्षानुवर्षं पैसे भरणाऱ्या दोन मैत्रिणी मला आमच्या मराठी मंडळात भेटल्या. सूट बसत नसेल आणि औषधं बरीच असतील, तर वर्षाचा प्रीपेमेंट पास ११४ पौंड ५० पेन्सला मिळतो, तोही परवडतो. आणि याची दुसरी बाजू म्हणजे दंड. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असताना मोफत औषधं घेतली, तर औषधांचे पैसे आणि वर जास्तीत जास्त १०० पौंड दंड लागू शकतो. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. ज्या थापेत निम्मं खरं असतं, ती ओळखायला सगळ्यात अवघड.

गेल्या वर्षी जिना चढताना अहोंना धाप लागायला लागली. जीपीने तपासलं, ईसीजी काढला, आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करण्यासाठी हॉस्पिटलकडे नाव पाठवलं. काही दिवसांनी पत्र आलं, ‘आमच्या बुकिंग विभागाकडून तुम्हाला फोन येईल.’ कोणत्या दिवशी, कोणत्या नंबरवरून, काही नाही. दिवसा अहोंचा फोन मीटिंगमध्ये बंद असतो, म्हणून संपर्कासाठी माझा मोबाइल नंबर दिला होता. इथल्या हॉस्पिटलांचे फोन बरेचदा ‘नो कॉलर आयडी’ म्हणून येतात. उचलला नाही तर परत लावायला नंबर नसतो. एक-दोनदा उचलला नाही, की ‘आम्ही तुमच्याशी संपर्क करायचा प्रयत्न केला’ असं पत्र येऊ शकतं आणि नाव पुन्हा जीपीकडे जाऊ शकतं. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

‘आई, अनोळखी नंबर उचलत जाऊ नकोस,’ असं मुलगी बजावते. तिचं वय सव्वीस. तिला हृदयाच्या तपासणीच्या फोनची वाट बघायची नसते. मला होती. त्यामुळे ते तीन आठवडे मी प्रत्येक फोन उचलत होते. कणीक मळताना उचलला, बसमध्ये उचलला, एकदा तर केसांना मेंदी लावलेली असताना उचलला. जी माणसं आजारी आहेत, वयस्कर आहेत, कुठल्या तरी रिपोर्टची वाट बघतायत, त्यांना ‘अनोळखी फोन घेऊ नका’ हा सल्ला काही उपयोगाचा नाही. फोन घेऊन काय करायचं, हे त्यांना सांगायला हवं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ‘नो कॉलर आयडी’ आला. माणूस अत्यंत नम्र. त्याने अहोंचं पूर्ण नाव घेतलं, जन्मतारीख सांगितली, आमचा पोस्टकोड सांगितला. ‘मी एनएचएसच्या प्रिस्क्रिप्शन विभागातून बोलतोय. तुमच्या मिस्टरांच्या सुटीच्या प्रमाणपत्राची मुदत मार्चमध्ये संपली. त्यानंतर सोळा औषधं मोफत घेतली गेली आहेत. त्याचे १५८ पौंड ४० पेन्स आणि दंड १०० पौंड, एकूण २५८ पौंड ४० पेन्स. आज पाचच्या आत भरलेत तर दंड मी माझ्या अधिकारात माफ करू शकतो. नाहीतर केस कोर्टाकडे जाईल. आणि खात्यावर बाकी असेल तर पुढच्या तपासण्या, रेफरल वगैरे होल्डवर जातात.’

हिशेब बरोबर होता. सोळा गुणिले नऊ नव्वद म्हणजे एकशे अठ्ठावन्न चाळीस. दंडाची रक्कमही खऱ्या नियमातली. आणि शेवटचं ते ‘रेफरल होल्डवर’ ऐकून पोटात गोळा आला, हे खरं आहे. त्याला आमच्या इकोबद्दल काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण साठीच्या आसपासच्या कुठल्याही घरात फोन करा, कुणाची ना कुणाची काहीतरी तपासणी व्हायची असतेच. अंधारात मारलेला दगडही अशा घरात बरोबर लागतो.

तेवढ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा माणूस माझ्याशी बोलत होता! अहोंच्या औषधांबद्दल, त्यांच्या प्रमाणपत्राबद्दल, अगदी मोकळेपणाने. इतक्या वर्षांत एनएचएसमधल्या एकाही माणसाने असं केलेलं नाही. मी सर्जरीत फोन करून ‘मिस्टरांचा शुगरचा रिपोर्ट आला का?’ एवढं विचारलं, तरी पलीकडून उत्तर येतं, ‘सॉरी, ते स्वतः बोलतील का? त्यांची परवानगी लागेल.’ लग्नाला तीस वर्षं झाली, त्यांच्या गोळ्यांचे डबे मी भरते, पण नियम म्हणजे नियम. एरवी या नियमाचा मला वैताग येतो. त्या दिवशी तोच उपयोगी पडला. खऱ्या ऑफिसातली माणसं अडवतात, आणि हा तर जास्तच मदत करत होता.

मी ड्रॉवर उघडून फाइल काढली. कार्डावरची तारीख अजून पुढे होती. तसं सांगितलं, तर त्याच्याकडे उत्तर तयार. ‘मॅडम, कार्डावरची तारीख जुनी आहे, सिस्टिममध्ये ते रद्द झालंय. असं बऱ्याच जणांचं झालंय. तुम्ही फक्त डेबिट कार्डाचा नंबर सांगा, मी लगेच नूतनीकरण करून देतो.’ माझा उच्चार ऐकून बहुधा अंदाज आला असावा, कारण पुढचं वाक्य हिंदीत आलं. ‘मॅडम, आप इंडिया से हैं ना? मैं आपकी हेल्प कर रहा हूँ. फोन मत रखिए, नहीं तो केस ऑटोमॅटिक आगे चला जाएगा.’

‘फोन ठेवू नका’ हे त्याने दुसऱ्यांदा सांगितलं होतं. पहिल्यांदा इंग्रजीत, आता हिंदीत.

आपल्याकडे फोन ठेवणं हा एक छोटासा विधीच असतो. ‘बरं, ठेवू का मग?’ ‘हो हो, ठेव.’ ‘ठेवते हं.’ ‘आणि ऐक, ते लोणचं मिळालं का?’ करत करत आणखी दहा मिनिटं जातात. समोरच्याने ‘ठेव’ म्हटल्याशिवाय आपण फोन ठेवत नाही. बोलणं मध्येच तोडणं म्हणजे उद्धटपणा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यात पलीकडचा माणूस सरकारी ऑफिसातला असेल, तर विचारायलाच नको. माझे सासरे तालुक्याच्या कचेरीतून फोन आला तर खुर्चीतून उठून उभं राहून बोलायचे. आपला हा चांगुलपणाच त्या माणसाचं भांडवल असतो. तुम्ही त्याच्या परवानगीची वाट बघत राहता, आणि तो ती देत नाही.

मी म्हटलं, ‘कार्डावर ऑफिसचा नंबर छापलेला आहे. मी त्या नंबरवर फोन करते.’ आणि त्याचं ‘बट मॅडम’ पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. ‘ठेवू का?’ विचारलं नाही.

गोष्ट तिथेच संपली नाही. दहा मिनिटांत दुसरा फोन. या वेळी एक बाई. ‘तुमच्या बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतेय. तुमच्या खात्यावरून आत्ता कुणीतरी पैसे काढायचा प्रयत्न केला. तुम्हाला नुकताच एनएचएसच्या नावाने फोन आला होता का? तो खोटा होता. तुमचे पैसे लगेच सुरक्षित खात्यात हलवावे लागतील.’ डाव लक्षात आला ना? पहिल्या फोनला फसला नाहीत, तर दुसऱ्या फोनवर ‘बघा, मी म्हटलंच होतं’ असं वाटून आपण विश्वास टाकतो. आधी घाबरवायचं, मग वाचवायला यायचं. पण पहिल्या फोनबद्दल मी अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं, मग बँकेला कसं कळलं? आणि कुठलीही बँक ग्राहकाला पैसे ‘सुरक्षित खात्यात’ हलवायला सांगत नाही. असं खातं नसतंच. हाही फोन ठेवला.

मग १५९ लावला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने हा नंबर पाठ करावा. २०२१ पासून ही सोय आहे. १५९ लावला, की तुमची बँक कोणती ते विचारून फोन थेट त्या बँकेकडे जोडून देतात. बहुतेक मोठ्या बँका यात आहेत. १५९ वरून तुम्हाला कधीही फोन येत नाही, तो फक्त आपण लावायचा. बँकेतल्या माणसाने खातं तपासलं. काहीही झालेलं नव्हतं, आणि त्यांच्याकडून मला कुणी फोनही केलेला नव्हता. पाच-सात मिनिटांत काम झालं.

प्रमाणपत्राच्या ऑफिसचा अनुभव अगदी उलटा. मोफत औषधांच्या या सुटीचं काम एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटी बघते. दुपारी मी कार्डावरचा नंबर लावला, तर अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न, ‘पेशंट स्वतः आहेत का?’ नव्हते. ‘मग सॉरी.’ दुसऱ्या दिवशी अहोंनी जेवणाच्या सुटीत फोन केला, स्वतःची ओळख पटवली, मग कळलं की प्रमाणपत्र चालू आहे, बाकी काही नाही. दंडाचं काय, हेही त्यांनी विचारून घेतलं. शंका आली तर आधी घरी पत्र येतं, उत्तर द्यायला मुदत मिळते, सूट खरंच होती हे दाखवायची संधी मिळते. फोनवर ‘पाचच्या आत’ वगैरे काही नसतं. आणि जीपीची किंवा हॉस्पिटलची अपॉइंटमेंट चुकली म्हणून एनएचएस दंड घेत नाही. तसा मेसेज आला तर तो खोटाच समजा. लशीसाठी कुणी बँकेचे तपशील विचारले तर तेही खोटं, कारण एनएचएसची लस मोफत असते.

नाव, जन्मतारीख, पोस्टकोड त्याच्याकडे कुठून आले, याचा शोध लागणं अवघड आहे. ही माहिती आता किती ठिकाणी पडलेली असते! दुकानाचं लॉयल्टी कार्ड, ऑनलाइन फॉर्म, वाढदिवसाची सवलत. जून २०२४ मध्ये लंडनमधल्या काही हॉस्पिटलांच्या रक्ततपासण्या करणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि रुग्णांची माहिती चोरांनी इंटरनेटवर टाकली, हे सगळ्यांनी बातम्यांत वाचलंच आहे. तेव्हा ‘त्याला माझी जन्मतारीख माहीत आहे, म्हणजे तो खरा’ हे गणित आता चालत नाही. स्क्रीनवर दिसणारा नंबरही खोटा दाखवता येतो. म्हणजे नंबर, नम्रता आणि माहिती, तिन्ही गोष्टी निरुपयोगी. मग ओळखायचं कसं?

त्याचं उत्तर मला त्याच आठवड्यात, गुरुवारी मिळालं. पुन्हा ‘नो कॉलर आयडी’. ‘मी हॉस्पिटलच्या कार्डिऑलॉजी बुकिंगमधून बोलतेय. मिस्टर आहेत का?’ त्या दिवशी अहो घरून काम करत होते. मी फोन त्यांना दिला. ‘जन्मतारीख आणि पत्त्याची पहिली ओळ सांगाल का?’ अहोंनी अगदी सौम्यपणे म्हटलं, ‘माफ करा, दोनच दिवसांपूर्वी आम्हाला खोटा फोन आला होता. मी हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करून तुमच्याकडे आलो तर चालेल का?’ मला धाकधूक, इतक्या वाटेने आलेली तारीख आता हातची जाते की काय! पण ती बाई म्हणाली, ‘अगदी बरोबर करताय. स्विचबोर्डला कार्डिऑलॉजी बुकिंग मागा. मी ही वेळ आज संध्याकाळपर्यंत तुमच्या नावाने ठेवते.’ आणि तिनेच फोन ठेवला.

स्विचबोर्डवर पंचवीस मिनिटं तेच ते संगीत ऐकलं. मग तीच बाई. तीच वेळ. तीन आठवड्यांनी इको झाला. एक औषध वाढलं, आणि आता दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. जिना चढताना धाप कमी झालीय. त्या दोन आठवड्यांत घाबरून मी फोन उचलणंच बंद केलं असतं, तर हे सगळं किती लांबलं असतं, याचा विचार अजून मनात येतो. भामट्याच्या हाती पैसे लागले नाहीत, तरी तो असा उपचारांमध्ये आडवा येऊ शकतो.

तेव्हा आमच्या घरात आता एकच परीक्षा आहे. फोन ठेवून बघायचा. खऱ्या ऑफिसला त्याने काही फरक पडत नाही. ते आपल्याला पत्रावरच्या, कार्डावरच्या, स्विचबोर्डच्या नंबरवर पुन्हा सापडतं. खोटं ऑफिस त्या एका फोनपुरतंच असतं, म्हणून तुम्ही फोन ठेवू नये यासाठी ते जिवाचं रान करतं. परत लावताना शक्यतो दुसऱ्या फोनवरून लावा, विशेषतः लँडलाइनवर फोन आला असेल तर, कारण पलीकडच्याने लाइन धरून ठेवलेली असू शकते. आणि नंबर आपण शोधलेला हवा, त्याने दिलेला नको.

याशिवाय काही कामं आधीच करून ठेवण्यासारखी आहेत. एनएचएसच्या ॲपमध्ये बऱ्याच ठिकाणच्या अपॉइंटमेंट आणि पत्रं दिसतात, त्यामुळे फोन खरा की खोटा ते तिथे ताडून बघता येतं. आई-वडील किंवा जोडीदाराच्या वतीने तुम्ही बोलणार असाल, तर सर्जरीत तशी लेखी परवानगी नोंदवून ठेवा. हॉस्पिटलला सांगून फोनऐवजी मेसेज किंवा पत्र मागता येतं. इंग्रजी अडखळत असेल तर दुभाषा मागायचा हक्क आहे, तो मोफत असतो, आणि मराठीचाही मागता येतो. खोटा मेसेज आला तर तो ७७२६ वर फॉरवर्ड करायचा, त्याचे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये फसवणुकीची तक्रार पोलिसांच्या ०३०० १२३ २०४० या नंबरवर नोंदवता येते. आम्हीही नोंदवली, पैसे गेलेले नसतानाही.

आणि कुणाचे पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे, की फसवून तुमच्याकडून दुसऱ्या ब्रिटिश खात्यात पैसे पाठवून घेतले, तर बहुतेक प्रकरणांत बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. तक्रार तेरा महिन्यांच्या आत करावी लागते. कार्डाने दिलेले आणि परदेशात पाठवलेले पैसे या नियमात येत नाहीत. कार्डाच्या व्यवहारासाठी बँकेकडे वेगळी दाद मागावी लागते. म्हणून पहिल्या तासात १५९ लावणं महत्त्वाचं.

आपल्यापैकी अनेकांकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-वडील येतात. आपण कामावर जातो, ते दिवसभर घरात एकटे. फोन वाजला की त्यांना वाटतं, मुलाच्या कामाचा असेल, घ्यायला हवा. त्यांना मी एवढंच वाक्य शिकवते, ‘प्लीज कॉल इन द इव्हनिंग.’ आणि लगेच फोन खाली. आमच्या शेजारच्या काकू तर मराठीतच सांगतात, ‘मुलगा संध्याकाळी येतो, तेव्हा करा,’ आणि ठेवून देतात. काम तेवढंच चोख होतं.

भारतातही हाच खेळ आहे, फक्त वेष निराळा. तिकडे व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा नाहीतर सीबीआयचा अधिकारी येतो, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ म्हणतो, ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो. कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. पण ‘फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही’ हे दोन हुकूम तिथेही तेच. माझ्या आईच्या फोनजवळ मी मोठ्या अक्षरात १९३० लिहून ठेवलंय. सायबर फसवणूक झाली तर भारतात या नंबरवर लगेच कळवायचं. त्याच्या खाली लिहिलंय, ‘आधी फोन ठेव. मग मला कर. रात्र असली तरी चालेल.’

तिने वाचलं आणि म्हणाली, ‘अगं, पण असा एकदम कसा ठेवायचा? त्याला काय वाटेल?’ त्याला काय वाटायचं ते वाटू दे, आई. अनोळखी माणसाने पैशांचं नाव काढलं, की ‘ठेवू का?’ विचारायचं नाही. हा शिष्टाचार आपल्या माणसांसाठी राखून ठेवू. दर रविवारी आपला फोन झाला की तीनदा ‘ठेवू का?’ होणारच आहे, आणि लोणच्याचं मध्येच निघणारच आहे.